तारखांचा कारभार

संगणकावर वाटेल तेव्हा दुरुस्त करता येणारी वार्षिक दिनदर्शिका हाती आल्यापासून, भालकी तालुक्यातील मराठी शाळेचा एक सामान्य शिक्षक असलेल्या माझ्या अंगी निजामाच्या अव्वल तालुकदारालाच शोभावा असा रुबाब संचारला आहे. कारण बोटाच्या एका स्पर्शाने घटक चाचणी जुलैतून ऑगस्टात ढकलता येते, स्नेहसंमेलनाला जांभळा रंग मुक्रर करता येतो, आणि पालकसभा बरखास्त करण्यास कोणाची मंजुरी लागत नाही. माझे सहकारी अद्याप कालनिर्णयावर, दुधाच्या खाड्याशेजारी, पेन्सिलीने 'परीक्षा' असे लिहितात, तेव्हा मला त्यांची कीव येते. (मुख्याध्यापकांना माझी येते, तो भाग निराळा.)

वस्तुतः आमच्या मुलखात काळ कधीच एका अमलाखाली नांदलेला नाही. निजामाच्या अमदानीत येथील दफ्तरी तारखा फसली सनाच्या आझूर, दै, बहमन अशा महिन्यांत पडत. आता शासन कर्नाटकाचे, पंचांग सोलापूरचे आणि सोयरीक उदगीरची. १९४८ साली निजामी राजवट संपल्याच्या एकाच घटनेसाठी १७ सप्टेंबरला अलीकडे कल्याण कर्नाटक उत्सव, तर पलीकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आमची मोठी सुट्टी दसऱ्याची, बहिणीच्या मुलांची दिवाळीची. त्यामुळे भाचरे मामाच्या गावी येतात तेव्हा मामा फळ्यावर अपूर्णांकांशी झुंजत असतो.

या सर्वांवर कडी करते ती वेळ अमावास्या. मार्गशीर्षातील त्या दिवशी गाव असा ओस पडतो, की दरवडेखोरांनीही संकोचावे. शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत चुन्याने रंगविलेले पाच पांडव बसतात, आणि हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे व हाती लागेल ती भाजी बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली आंबट आंबील यांचा असा काही समाचार घेतला जातो, की भोजनोत्तर ज्वारीच्या पिकात आडवे होणे हे धर्मकृत्यच वाटावे. माझ्या दिनदर्शिकेत त्या तारखेला हिरव्या रंगात 'गणित : उजळणी' असे नमूद आहे. उजळणी झाली, परंतु ती एका विद्यार्थ्याच्या शेतात, त्याच्या आजीने किती वाट्या आंबील वाढली याची, आणि तीही चुकली.

परंतु एक रकाना माझ्याच्याने रंगविला जात नाही. दिवाळीच्या सुमारास तांड्यावरची काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. हजेरीपटावर त्यांची नावे राहतात, त्यांच्या पुढे गैरहजेरीच्या खुणा वाढतात, आणि फाल्गुनात ती परततात तेव्हा वर्ग भागाकार संपवून पुढे गेलेला असतो. त्यांच्यासाठी चाचणीची तारीख मी हवी तितकी पुढे सरकवू शकतो. कारखान्याचा हंगाम मात्र माझ्या बोटाने तसूभरही हलत नाही. परतल्यावर त्यांच्यापैकी एखाद्याने कोयत्याचा वळ उठलेला हात वर करून "गुरुजी, हे कधी शिकवलं?" असे विचारले, की माझे सगळे रंग मला ओशाळवाणे वाटतात.

असो. उदगीरच्या मंडळींस नम्र विनंती, की यंदाचे जावळ दसऱ्याच्या सुट्टीत ठेवावे. दिवाळीत आम्हांस नरकचतुर्दशी आणि बलिप्रतिपदा एवढेच दिवस मोकळे आहेत, आणि तेही वरिष्ठ कचेरीचा हुकूम आदल्या संध्याकाळी न आल्यास.