टकलाचा पद्धतशीर आढावा

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत आधी डोकं खाजलं, मग केस मुठीत आले आणि काही दिवसांत टक्कल पडलं. केसांपेक्षा वेगाने निष्कर्ष गळाले. पहिला आळ शांपूवर आला; पण ज्यांनी कधी शांपू लावलाच नव्हता, त्यांचंही डोकं चकाकत होतं. मग बुरशी झाली, मग पाण्यातलं नायट्रेट. हा खारपाणपट्टा, इथलं पाणी पिढ्यानपिढ्या खराबच आहे. त्याने इतकी वर्षं केसांना हात का लावला नाही? ते पाणी वापरू नका, असा सल्ला मात्र निघाला. मग कुठलं वापरायचं, हा प्रश्न सल्ल्याच्या कक्षेबाहेरचा.

वैद्यकात खरं तर निष्कर्ष काढण्याची एक रीत आहे. सगळे अभ्यास गोळा करायचे, पाखडायचे, त्यातून आढावा लिहायचा आणि मगच उपचाराच्या सूचना काढायच्या. त्या आढाव्याचीही परीक्षा घ्यायला 2017 पासून ‘अ‍ॅमस्टार-2’ नावाची सोळा प्रश्नांची प्रश्नपत्रिका आहे. त्वचेच्या कर्करोगावरच्या उपचार-सूचना ज्यांवर बेतल्या ते आढावे तपासले, तर तिथेही काही कच्चे निघाले. म्हणजे शेगाव तालुका जगाच्या फार मागे नाही.

पुढे विंचूदंशावरच्या कामासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांतल्या रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्यांच्या तपासणीत त्यात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. नेहमी ते 0.1 ते 1.9 असतं. गहू धुतला तरी 13.61. एका डॉक्टरांचा अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे मान्य. पण शांपूवरच्या आळामागे तेवढाही नव्हता! एप्रिलमध्ये नखंही गळू लागली. पारावर सवाल साधा होता, ‘केस गेले तं गेले साहेब, पण काहून गेले थे तं सांगा.’

सांगतो. अ‍ॅमस्टारची प्रश्नपत्रिका आम्हीच सरकारच्या वतीने सोडवली आहे. पद्धत आधी ठरवली होती का? होय, आधी सल्ला, मग नमुने. काय वगळलं आणि का? रेशन दुकान, पाहणीच्या वेळी कुलूप होतं. हितसंबंधांचा संघर्ष? अजिबात नाही. गहूही सरकारचा, तपासणारेही सरकारचेच.