गर्दी कुणाची, गल्ला कुणाचा

२०२२ साली जगभर बाजारात गेलेल्या दर १०० स्मार्टफोनांमागे अ‍ॅपलचे जेमतेम १८. म्हणजे मैदान इतरांनीच मारलं! त्या वर्षी या धंद्यातल्या नफ्याच्या प्रत्येक शंभर रुपयांतले ८५ अ‍ॅपलने नेले (काउंटरपॉइंट या बाजार-संशोधन संस्थेचा हिशेब), ही आपली किरकोळ बाब. उरलेल्या १५ रुपयांत बाकीच्यांनी आपापसात मोठा कोण ते ठरवायचं. ठरवतातही बिचारे, दर तिमाहीला, पत्रक काढून.

त्यातही शाओमीचं कौतुक निराळं. हार्डवेअरवर पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा कधीच घेणार नाही, अशी भीष्मप्रतिज्ञा कंपनीचे संस्थापक ले जुन यांनी २०१८ साली केली. एरवी नफा कमी घ्यायला स्पर्धक भाग पाडतात, इथे स्वखुशीचं व्रत! (तेही कंपनी शेअर बाजारात उतरण्याच्या तोंडावर, हा निव्वळ योगायोग.) बरं, त्यांना फोनमधल्या जाहिरातींचा तरी आधार. एलजीला तोही नव्हता. जवळपास सहा वर्षं सलग तोटा सोसून २०२१ मध्ये त्यांनी फोनच्या धंद्याला कुलूप लावलं. तेव्हा उत्तर अमेरिकेत त्यांचा नंबर तिसरा होता.