एकट्याच्या शौर्याची आरामबस

मेक्सिको सिटीहून ग्वानाहुआतोला एकट्याने बसने जाणे ही हल्ली मर्दुमकी समजली जाते. पुरावा मात्र वेगळेच सांगतो. उत्तरेकडच्या बस टर्मिनलच्या दारापर्यंत मेट्रो जाते; पुढे पाचेक तासांचा महामार्ग. महागड्या बसमध्ये स्वच्छतागृह असते, पाठ टेकून झोप काढता येते आणि एका बाजूला आसनांची एकेरी रांगच असते. म्हणजे एकांतसुद्धा तिकिटात! शिवाय 1990च्या दशकात रेल्वेचे खासगीकरण झाले आणि लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या जवळजवळ संपल्या. तेव्हापासून तिथल्या आजीबाई, विद्यार्थी, मजूर बसनेच फिरतात. शौर्यपदके वाटायचीच, तर पहिला मान त्यांचा.

कुणी म्हणेल, धोका खराच असतो. असतो, ग्वानाहुआतो राज्यातला टोळ्यांचा हिंसाचार खोटा नाही आणि एकट्या बाईने सावध राहणे हा बाऊ नव्हे. पण त्या हिंसाचाराची खरी झळ स्थानिकांना बसते. पाहुणा चार फोटो काढून परततो. दुसरा आक्षेप, एकटे फिरल्याने माणूस घडतो. घडत असेलही, पण ग्वानाहुआतो शहराची शौर्याची मोजपट्टी निराळी आहे. 1810 साली स्पॅनिश राजवटीविरुद्धच्या उठावात पिपिला नावाच्या खाणकामगाराने गोळ्यांपासून बचावासाठी पाठीवर दगडी फरशी घेतली आणि धान्यकोठाराचा दरवाजा पेटवला, अशी तिथली परंपरागत कथा आहे. त्याचा भव्य पुतळा टेकडीवर उभा आहे. पाठीवर सॅक घेऊन येणाऱ्यांनी तो जरूर पाहावा, आणि शौर्य त्याच्याकडेच राहू द्यावे.