सुभेदारांचं रिव्हॉल्व्हर

खारघरचा माणूस सकाळी घराबाहेर पडतो तेव्हा त्याच्या अंगावर कमी ओझं नसतं. मोबाईल, चार्जर, लोकलचा पास, डबा, पाण्याची बाटली, ऑफिसचं ओळखपत्र, आणि जून लागला की छत्री. यात रिव्हॉल्व्हर कुठे बसवायचं, हा प्रश्न आमच्या सोसायटीत फक्त सुभेदारांना पडतो. सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे, अपशिंगे मिलिटरीच्या पंचक्रोशीतले. निवृत्तीनंतर इथे आले ते परवाना आणि बत्तीस बोअरचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर घेऊन. ते कपाटाच्या लोखंडी कप्प्यात असतं. किल्ली कुठे असते ते काकूंना ठाऊक आहे आणि सुभेदारांना अधूनमधून.

सगळं सुरळीत होतं. मग सुभेदार मुलाकडे टेक्सासला जाऊन आले. तिथे शेजारच्या गॅरेजमध्ये एक म्हातारबुवा भर दुपारी टेबलावर स्वतःचं रिव्हॉल्व्हर सुटं करून बसले होते. रोज खिशात बाळगायचं म्हणून त्याच्या कपड्यात अडकणाऱ्या कडा मऊ केलेल्या, मूठ आपल्या पंजाच्या मापाची घडवलेली, आणि आता वरचा उडालेला रंग नव्याने चढवणं चालू. कोणाला विचारणं नाही, कागद नाही. २०२१ पासून तर टेक्सासमध्ये बहुतेक प्रौढांना हातबंदूक बाळगायला परवानाही लागत नाही. सुभेदार परत आले ते हे दृश्य डोळ्यांत घेऊन. "आपलंही एकदा नीट करून घेऊ," म्हणाले.

मला त्यांची ओढ समजते. जी वस्तू रोज हाताळायची ती आपल्या हाताला बसली पाहिजे, हा आग्रह कुठल्याही कारागिराचा असतो, आणि फौजी माणूस अर्धा कारागीर असतोच. पण टेक्सास आणि खारघर यांच्यामध्ये नुसता समुद्र नाही, १९५९ चा शस्त्र कायदाही आहे. पुसणं, तेल लावणं, कोरडं ठेवणं ही झाली निगा, ती मालकाने करायचीच. त्यापुढे मात्र जपून. दुरुस्ती आणि फेरबदल यांनाही परवाना लागतो, आणि तो सुभेदारांकडे असलेला परवाना नव्हे, तो कारागिराचा किंवा विक्रेत्याचा. नळी आखूड करणं तर वेगळ्या कलमाखाली येतं. सगळ्यात गंमत आठव्या कलमाची आहे. शस्त्रावरचा क्रमांक किंवा कारखान्याची खूण पुसली गेलेली आढळली, तर ज्याच्याकडे शस्त्र आहे त्यानेच ती पुसली असं गृहीत धरलं जातं. नाही पुसली, हे सिद्ध करणं त्याच्याकडे. म्हणजे गच्चीत बसून पॉलिश पेपर जरा उत्साहाने फिरवला, की चकाकी आणि आरोपी एकदमच तयार.

हे सुभेदारांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रंगाचं काय?"

रंगाचं दुखणं खरं आहे. बंदुकीचा तो निळसर काळा रंग मुळात रंग नसतोच. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो तो. तांबडा गंज येऊ नये म्हणून आधीच आणलेला काळा, शिस्तीतला गंज म्हणा. तो तेल धरून ठेवतो, पण एकट्याच्या जिवावर पाणी रोखू शकत नाही. आणि खारघरची हवा! एका बाजूला पांडवकड्याचे डोंगर ढग अडवून धरतात, दुसऱ्या बाजूला खाडी. जुलैत इथे कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, पापड मऊ पडतात, गॅलरीची जाळी तांबडी होते. लोक शस्त्र चामड्याच्या म्यानातच ठेवून देतात, तीही चूकच. चामडं ओल शोषतं आणि पोलादाला पोचवतं. बाळगायचं म्यान वेगळं आणि ठेवायची जागा वेगळी, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं. उरलेलं काम परवानाधारक बंदूकवाल्याचं.

शेवटी सुभेदारांनी कारागिरीची हौस म्यानावर भागवायचं ठरवलं. इथे कायदा उलट त्यांच्या बाजूने होता. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी शस्त्र न्यायचं तर ते म्यानात आणि पूर्ण झाकलेलं हवं. पण माप द्यायला रिव्हॉल्व्हर चांभाराच्या टपरीवर नेऊन ठेवणार कसं? त्यांनी पुठ्ठ्याचं रिव्हॉल्व्हर कापलं, कोपरे ब्लेडने गोल केले आणि स्टेशनजवळच्या कारागिराला दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ड्रिल मशीनचं कव्हर का?" सुभेदार हो म्हणाले. म्यान मात्र सुरेख झालं.

ते वापरायचं कुठे, हे अजून ठरलेलं नाही. सकाळच्या हार्बर लोकलमध्ये माणसाला स्वतःचा खिसा सापडत नाही. मॉलच्या दारात यंत्र ओरडतं. सेंट्रल पार्कात फेरी मारायला जाताना कमरेला काय म्हणून लावायचं? रिव्हॉल्व्हर या विषयावर काकूंनी एकदाच मत दिलं होतं. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन ५०० ग्रॅम, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये, आणि दागिन्यांसारख्या डबीत. बातमी वाचून काकू म्हणाल्या, "एवढ्यात दोन पाटल्या झाल्या असत्या, आणि डबी फुकट." सरकारी शस्त्रनिर्मितीवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

या परवान्याच्या प्रकरणाला आमच्याच तालुक्यात जुना शेजार आहे, तो सहसा कोणाला आठवत नाही. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघालं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके इथे १८४५ साली जन्मले. लिटनच्या सरकारने १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना सूट. पुढच्याच वर्षी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केलेल्या या कारकुनाने रामोशांना बरोबर घेऊन सरकारविरुद्ध बंड केलं. परवाना मागायला ते गेले नसावेत. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा शेवट झाला. तो भेदभावाचा कायदा स्वातंत्र्यानंतर गेला, आजचा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. परवाना मात्र राहिला, आणि राहावा असंच माझं मत आहे. शिरढोणच्या माणसासमोर एक साम्राज्य होतं. आमच्या सोसायटीत वाद होतो तो पार्किंगचा.

सुभेदारांचं रिव्हॉल्व्हर वर्षातून एकदा मानाने बाहेर येतं, खंडेनवमीला. रिकामं केलेलं, तेल लावलेलं, पाटावर काकूंच्या विळीशेजारी. नातवाचा लॅपटॉप आणि स्कूटरची किल्लीही तिथेच, सगळ्यांना सारखंच हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. एरवी ते बाहेर पडतं निवडणुकीला. २०२४ मध्ये मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा, दोन्ही वेळा जमा करण्याची नोटीस आली. सुभेदार नवं म्यान लावून, वर बुशशर्ट सोडून, रिक्षाने पोलीस ठाण्यात गेले आणि पावती घेऊन आले. नव्या म्यानाचा आजवरचा सगळा वापर एवढाच.

तुमच्या घरात वडिलांचं किंवा आजोबांचं असं काही कपाटात असेल, तर पॉलिश पेपर आणण्याआधी परवाना काढून त्यावरची मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच वर्षांची झाली आहे आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवानाधारक हयात नसेल तर ते शस्त्र आठवण म्हणून ठेवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि हवंच असेल तर आपल्या नावाने अर्ज करा.