रिकीबकाका

दिवाळीत किल्ला मुलं करतात, असा एक समज आहे. मुलं माती आणतात, दगड आणतात, आपसात भांडतात आणि चिखलाचे पाय घेऊन घरात शिरल्याबद्दल बोलणी खातात, इथपर्यंत तो खराही आहे. पण दर आळीत पन्नाशीचा एक गृहस्थ असतो. तो दसऱ्यानंतर ‘सहज बघायला’ म्हणून येतो, पायजमा वर करून उकिडवा बसतो, आणि मग भाऊबीजेपर्यंत त्याला कोणी उठवू शकत नाही. कुठे हा गृहस्थ बुरुजवाला असतो, कुठे सलाइनची नळी लावून कारंजं उडवणारा. आमच्या आटगावातला घोडेवाला आहे. मुलं त्याला रिकीबकाका म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

नाव पडलं त्याला कारणही तसंच. कोणी म्हणावं, ‘वा, काय घोडा रंगवलाय!’ की काका चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, ‘रिकीब कुठाय? स्वारानं पाय काय हवेत ठेवायचे?’

आटगाव म्हणजे कसाऱ्याकडे जाताना आसनगावच्या पुढचं स्टेशन. इथून माहुलीची रांग दिसते. पाऊस सरल्यावर तर तिचे सुळकेही मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. दुसऱ्या गावची मुलं रायगड करोत, प्रतापगड करोत, आमच्याकडे माहुलीच होतो. त्यात एक अडचण आहे. इथे उत्तरपत्रिका समोर उघडी ठेवलेली असते. नवरा-नवरीचे सुळके चुकले तर रस्त्यानं जाणारा भातकापणीचा मजूरसुद्धा विळा थांबवून चूक दाखवतो. काका मात्र डोंगराकडे बघतच नाहीत. शहाजीराजे 1636 साली याच गडावर वेढ्यात सापडले, 1665 च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला, 1670 मध्ये परत स्वराज्यात आला, हे सगळं त्यांना पाठ आहे. पण शाळेचे गुरुजी मुलांना तो वेढा रंगवून सांगत होते, तेव्हा काकांनी मागच्या रांगेतून एकच शंका काढली : ‘इतके दिवस घोड्यांना वैरण कुठून आली?’ गुरुजी पाणी प्यायले आणि त्यांनी तास संपवला.

शहापूरच्या बाजारात प्लास्टरचे घोडे मिळतात. त्यावर मावळा जन्मजात चिकटलेला असतो, खोगिराच्या जागी लाल रंगाचा फराटा, आणि घोड्याच्या ओठांना लिपस्टिक. मुलांना ते फार आवडतात. काका एकेक हातात घेतात आणि रोग्याची नाडी सोडावी तसे खाली ठेवतात. ‘हा महालक्ष्मीच्या रेसचा घोडा आहे. एवढे लांब पाय! आपलं तट्टू भीमथडीचं. बुटकं, काटक, मिळेल ते खाणारं आणि दिवसभर चालणारं.’ भीमेच्या खोऱ्यातल्या या तट्टांनी मराठी फौजा वाहिल्या आणि आजही ती धनगरांच्या मेंढ्यांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतात, ही गोष्ट खरी आहे. पण ती ऐकवता ऐकवता काका करवतीनं घोड्यांचे पाय मधून कापून, तुकडा काढून, खूर पुन्हा चिकटवत असतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शेजारची धाकटी मुलगी रडत घरी गेली होती. आता तीच पाय धरून ठेवते.

पाय झाले की अंग. साच्याचा सांधा पॉलिश पेपरनं घासायचा, पांढऱ्या डिस्टेंपरचा हात द्यायचा, सुकवायचं, आणि मग रंग. इथे ‘ब्राउन’ हा शब्द उच्चारायला बंदी आहे. कुमैत म्हणायचं : अंग तांबूस, आयाळ, शेपूट आणि पाय काळे. काळा तो मुश्की. ठिगळ्या ठिगळ्यांचा अबलख. चारही पाय आणि तोंडावर पांढरं असेल तर पंचकल्याणी, फार शुभ. एका पोराचा पांढरा रंग तीन पायांवरच संपला. सगळे श्वास रोखून बसले. काकांनी घोडा उन्हात धरून पाहिला आणि निकाल दिला, ‘चतुष्कल्याणी. चालेल, हवालदाराला देऊ.’ रंगांच्या डबीवरच्या उंटाकडे मात्र ते प्रेमानं बघत नाहीत. हे रंग काढणाऱ्या दांडेकरांनी 1931 मध्ये शाईचा धंदा सुरू केला तेव्हा छाप घोड्याचा होता, उंट मागून आला. काकांना हे अजून लागलेलं आहे.

खरी कारागिरी साजाची. ती घरी होत नाही, गाडीत होते. काका पहाटेच्या लोकलनं ठाण्याला नोकरीला जातात. आटगावला खिडकी मिळते. खिशातून काड्यापेटी निघते, तीत सुई, चिमटा, तांब्याची तार, जुन्या घड्याळाचा पट्टा. आसनगावपर्यंत लगाम होतो, वासिंदला तोंडावरची मोहरकी, खडवलीला पोटाखालचा तंग. टिटवाळ्याला गर्दी आत घुसते तेव्हा कोपर हलायलाही जागा उरत नाही, मग शेपटीखालची दुमची राहून जाते. म्हणून त्यांच्या बऱ्याच घोड्यांना दुमची नाही. त्याला रेल्वे जबाबदार आहे, असं ते प्रामाणिकपणे सांगतात. डब्यातले भजनी लोक टाळ जरा दुसऱ्या बाजूला वाजवतात, कारण एकदा रिकीब पडली तेव्हा अख्ख्या डब्याला बाकाखाली शोधायला वाकावं लागलं होतं. गव्हाच्या दाण्याएवढी रिकीब, आणि खाली चणेवाल्यानं सांडलेले चणे.

सामान येतं कुठून, याचं उत्तर काकूंना विचारावं. ‘अहो, माझ्या ब्लाउजचे हूक?’ या प्रश्नाला काका ‘कुठले?’ असं विचारतात, म्हणजे उत्तर मिळालंच. तंगाचं बक्कल ब्लाउजच्या हुकाचं, झूल शालूच्या काठाची, तोबरा जुन्या रुमालाचा. पोत विणायला काळे मणी आणले की घोड्यांना डोळे फुटतात. गोंडे आणि घुंगरं मात्र ते मुरबाडकडे म्हशाच्या जत्रेतून आणतात. पौष पौर्णिमेची ती जत्रा, गुरांचा मोठा बाजार. लोक बैलाचे दात बघत हिंडतात, आणि आमचा हा माणूस साजाच्या दुकानात उभा राहून विचारतो, ‘यात सगळ्यात लहान गोंडा कुठला?’ दुकानदार म्हणतो, ‘वासराला पायजे का?’ काका दोन बोटांत अंतर दाखवतात. ‘एवढ्याला.’ दुकानदार मग काकूंकडे बघतो. काकू ताबडतोब घोंगड्यांचे भाव विचारू लागतात.

मुलांची भरती शिस्तीत होते. जो घरून स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. ज्याला काकांचा घोडा मिळतो तो बारगीर, कारण घोडा सरकारी. बारगिरानं घोडा हाताळायचा, घरी न्यायचा नाही. 25 बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या 25 घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद, ही शिवकाळातली व्यवस्था काका आळीत अक्षरशः राबवतात. पखालजी म्हणून सर्वांत लहान पोर नेमलेलं आहे. ते दिवसभर तांब्यानं किल्ल्यावरच्या अळिवाला पाणी घालतं. नालबंदाकडे फेविक्विक असतं आणि त्याची बोटं बलिप्रतिपदेपर्यंत एकमेकांना चिकटलेली असतात.

मागच्या खेपेला तत्त्वाचा प्रश्न निघाला. मुलांनी सगळी पागा किल्ल्याच्या माथ्यावर उभी केली होती. काका कडाडले, ‘माहुलीवर घोडा चढला कसा? आज आपल्याला शिडी लागते!’ सगळे घोडे खाली उतरवून पायथ्याच्या पेंढ्यात उभे करण्यात आले. यावर पाय धरणारी ती धाकटी मुलगी म्हणाली, ‘काका, वर महादरवाजा आहे ना? तो काय शेळ्यांसाठी बांधला?’ काका त्या दिवशी जेवले नाहीत असं म्हणतात. पण घोडे खालीच राहिले. इतिहास बदलता येतो, काकांना नाही.

किल्ल्यांच्या स्पर्धेचे परीक्षक संध्याकाळी मोटरसायकलवरून आले. त्यांनी बल्बची माळ पाहिली, कारंजं पाहिलं, अळीव चांगलं उगवलंय म्हणाले. पेंढ्यातल्या पागेकडे त्यांची पाठ होती. ‘दुमचीबद्दल सांगायचं होतं,’ काका मागून म्हणत होते. आटगावला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर ज्या किल्ल्याला गेला, त्याच्या दरवाजातून आत जायला तिथल्या मावळ्याला गुडघ्यावर रांगावं लागलं असतं, आणि त्याच्या घोड्यानं ओठ रंगवले होते.

काकांचा भाचा अमेरिकेत असतो. त्यानं सांत्वन म्हणून फोनवर सांगितलं की तिकडे ब्रेयर नावाच्या कंपनीच्या खेळण्यातल्या घोड्यांसाठी केंटकीत 1990 पासून दर जुलैला जत्राच भरते. मोठी माणसं एकास नऊ मापाचे घोडे नव्यानं रंगवतात, खऱ्या कातड्याची खोगिरं शिवतात, आणि परीक्षक साजाचेही गुण देतात. काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि भाच्याला ते पुन्हा सांगायला लावलं, काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘मग त्यांच्या बायका हूक कुठून आणतात, तेही विचारा.’

यंदा वासिंदच्या एका मंडळानं काकांनाच परीक्षक म्हणून बोलावलं. चौकडीचा शर्ट, खिशात काड्यापेटी. पहिल्याच किल्ल्यापाशी त्यांनी बुरूज, तट, कारंजं सगळं ओलांडून एक घोडा उचलला आणि पोटाखालून बघण्यासाठी उलटा केला. पाय मोडला. किल्ल्याच्या मालकानं, वय वर्षं आठ, भोकाड पसरलं. काकांनी नालबंदाकडून जप्त केलेलं फेविक्विक काढलं, पाय बसवला, आणि मग हातासरशी घड्याळाच्या पट्ट्याची एक पट्टी कापली. पोर रडायचं थांबून बघू लागलं. चहा आला, गार झाला, दुसरा आला. बाकीच्या किल्ल्यांवरची पोरंही एकेक करून तिथेच येऊन बसली, आपापले घोडे घेऊन, रांग लावून. मंडळाचा कार्यकर्ता गुणांचा कागद घेऊन मागे उभा.

‘काका, मार्क किती लिहू?’

‘थांब रे,’ काका दोऱ्याचं टोक दातात धरून म्हणाले, ‘तंग ओढू दे आधी. स्वार पडेल.’