जास्वंदीचे वैद्य

पेणमध्ये जास्वंदीला आजारी पडायची सोय नाही. गाव गणपतीच्या मूर्तींचं. मूर्ती अमेरिकेपर्यंत जातात, पण लाल फूल रोज सकाळी दारातलंच लागतं. त्यामुळे आमच्या जास्वंदीच्या शेंड्याला पांढरं काही दिसलं, की अख्खी आळी नाडी बघायला हजर. मला मलेरिया झाला होता तेव्हा यातलं कोणी फिरकलं नव्हतं.

पहिलं निदान शेजारच्या काकूंचं : "दृष्ट लागली." उपाय : कुंडीला जुनी चप्पल बांधणे. दुसरं समोरच्या अण्णांचं : "पाणी कमी पडतंय." तिसरं त्यांच्याच सौभाग्यवतींचं : "पाणी जास्त होतंय." संसारात या दोघांचं एकमत मी एकदाच पाहिलं, आणि ते चूक माझीच आहे यावर होतं.

ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. अंगावर मेणाचा थर, त्यामुळे पाणी मारा नाहीतर औषध, सगळं ओघळून जातं. हा शेंड्याचा रस पितो आणि मागून गोड चिकटा सोडतो. चिकट्यावर काळी बुरशी चढून पानं काजळतात. त्या गोडासाठी मुंग्या येतात आणि खाल्ल्या मिठाला जागून ढेकणाच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी ती कुठे जाते ते बघावं. निदानाचं याहून स्वस्त यंत्र नाही, आणि ते विजेवर चालत नसल्यामुळे आमच्याकडे पावसाळ्यातही चालू असतं.

एवढं कळल्यावर मी थांबायला हवं होतं, पण रोह्याचे भावोजी मेमूने आले. त्यांची उभी हयात धाटावच्या एमआयडीसीत, रसायनांच्या कारखान्यात गेली. त्यांना कीड दिसत नाही, थेट रेणू दिसतो. त्यांनी चष्मा वर करून फांदी पाहिली आणि एका दमात अशी तीन नावं घेतली, की काकूंनी पदर नाकाला लावला. काकूंचा पक्ष आंबट ताक आणि चुलीतली राख. (ताक भुरीवर मारतात, ढेकणावर नव्हे, पण हे काकूंना सांगणार कोण?) रसायनशास्त्र आणि पाकशास्त्र अंगणात समोरासमोर उभं राहिलं. शेवटी आमच्या सौ.नी विचारलं, "भावोजी, ते मारलेलं फूल बाप्पाला वाहायचं का?" धाटावला हा प्रश्न कधी निघाला नसावा. भावोजी चहा प्यायला आत गेले.

तह झाला तो असा. जास्त माखलेले शेंडे छाटून, पिशवीत बांधून, जाळून टाकायचे. कुंपणापलीकडे भिरकवायचे नाहीत, कारण पलीकडेही जास्वंदच असते. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी. तेल पाण्यात मिसळत नाही, ते साबण मिसळवतो आणि ढेकणाचं मेणही सोडवतो. फवारा ऊन उतरल्यावर आणि पानांच्या खालून, कारण शत्रू खाली बसतो आणि आपण वरून मारतो. आठवड्याने पुन्हा. कोणता साबण, यावर काकू आणि भावोजींमध्ये अजून पत्रव्यवहार चालू आहे.

फवारणीआधी फांदी नीट बघावी. भावोजींनी एका मोठ्या, झुपकेदार, पांढऱ्या ढेकणावर अंगठा रोखला होता. तो तुरुतुरु पळाला, आणि पिठ्या ढेकूण असा पळत नाही. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. ढेकूण खाणारी, पण ढेकणासारखीच दिसणारी; साध्या वेशातला पोलीसच. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा १८९८ साली भारतात आणला गेला. त्या फांदीला फवारणीतून सूट मिळाली.

गुलाबाबद्दल फार बोलत नाही. रायगडच्या पावसात त्याच्या पानांवर काळे ठिपके येतात आणि श्रावणापर्यंत नुसत्या काट्या उरतात. गुलाब पुण्याच्या नातेवाइकांकडे जाऊन बघावा.

ठिपक्यांसाठी म्हणून मी बोर्डो मिश्रणाचं वाचलं. मोरचूद, चुना आणि पाणी. कोकणातल्या सुपारीवाल्यांना हे नवं नाही. याचा जन्म मात्र चोरांमुळे झाला. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षं खायचे, म्हणून बागायतदार वेलींवर हा निळा राडा शिंपडायचे. मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की रंगवलेल्या वेलींना केवडा रोग होत नाही. १८८५ साली त्याने ते जाहीर केलं.

हे वाचून मला वेगळंच सुचलं. आमच्या जास्वंदीची सर्वांत चिवट कीड पहाटे साडेपाचला येते, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तोंडात अथर्वशीर्ष. तिच्यावर साबण चालत नाही. पण निळं फूल बाप्पाला कोण वाहील? आमचंही देवघर आहे, म्हणून बेत सोडला.

तेव्हा पहाटेच्या भक्तांना विनंती : फुलं न्या, पण कात्री आणा. ओरबाडलेल्या फांदीच्या जखमेतून बुरशी शिरते. आणि फाटकावर "आज फवारणी" अशी पाटी दिसली, तर त्या दिवशी अण्णांकडे जा. त्यांची जास्वंद ठणठणीत आहे.