गतिरोधकरावांस अनावृत पत्र

रा. रा. गतिरोधकराव,
मुक्काम शाळेची कमान, आमचा रस्ता,
यांस सा. न. वि. वि.

लोक तुमच्याविषयी फार वाईट बोलतात. कुणाचा मणका सरकला, कुणाच्या स्कूटरचे शॉकअब गेले, की बोल तुम्हालाच. मला मात्र तुमचे कौतुक आहे. रस्ता सुरक्षेवर आमच्या पालिकेला सुचलेला एकमेव उपाय म्हणजे तुम्ही. आम्ही शाळेसमोर पदपथ मागितला, तुम्ही आलात. सिग्नल मागितला, तुमचे धाकटे बंधू आले. झेब्रा पट्टे मागितले तेव्हा तर तिळेच झाले.

इंडियन रोड्स काँग्रेसने तुमच्या घराण्याचे कुळाचार लिहून ठेवले आहेत. उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, माथा गोलसर. म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने अलगद चढावी आणि उतरावी. अंगावर रंगाचे पट्टे, ४० मीटर अलीकडे सूचनाफलक. तुमची रुंदी जेमतेम दीड हात, उंची चांगली वीतभर. रंग पहिल्या पावसाने नेला. फलक लागलाच नाही. रात्री तुम्ही आहात हे गाडीवाल्याला आपटल्यावरच कळते.

पण तुमचे खरे कर्तृत्व कडेला आहे. पावसाचे पाणी जावे म्हणून ठेकेदार तुमच्या दोन्ही टोकांना हातभर फट ठेवतो. पाणी मधोमध तुंबते आणि फटीतून जातात दुचाक्या, एकीमागून एक, वेग तसूभरही कमी न करता. पदपथ नाही, त्यामुळे दप्तरवाली पोरे, काठी टेकणारे आजोबा आणि मी, आम्हीही नेमके तिथूनच चालतो. भर रस्त्यातली मोटरसायकल तुम्ही अशी आमच्या अंगावर घरपोच आणून देता, तेही विनामूल्य!

तुमच्या भाऊबंदांत एक सपाट डोक्याची शाखा आहे. पदपथाच्या उंचीइतका रस्ताच उचलायचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. फट नाही. गाडी चढताना थबकते, माणूस वरून सरळ चालत जातो. पण तिचे चोचले फार: आधी पदपथ हवा, पाण्याला खालून वाट हवी, नकाशा हवा. तुमचे एक ट्रक डांबर आणि एका रात्रीत भागते.

आता जरा खासगी विचारतो. तुमचे वडील कोण? क्षेत्रीय कार्यालय पथ विभागाकडे बोट दाखवते, पथ विभाग वाहतूक पोलिसांकडे, पोलीस म्हणतात ‘स्थानिक मागणी’. तुम्हाला घालणारा कुणालाच माहीत नाही. मंत्र्यांचा ताफा यायचा असला की आदल्या रात्री तुम्हाला खरवडणारे हात मात्र बरोबर सापडतात.

विचारण्याचे कारण असे, की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याचे काम मानकांप्रमाणे न केल्याने कुणी दगावले किंवा अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फटीतली रहदारी पाहता मला हे कलम लवकरच लागेल असे दिसते. तरी तीर्थरूपांचे नाव, पूर्ण पत्ता आणि कार्यादेशाचा क्रमांक उलटटपाली कळवावा.

आपला,
डाव्या फटीतला एक पादचारी